मिस्टर फौजेतून घरी आलेत, पण रात्री अजून पहाऱ्यावरच असतात

पत्र:

ताई नमस्कार, आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझे मिस्टर मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, २२ वर्षं सर्व्हिस करून नाईक म्हणून पेन्शन आले त्याला आता तीन वर्षं झाली. मधे दोनदा राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीरला होते. आल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं, घर बांधलं, बोअर मारली. नंतर हळूहळू सगळं बदललं. रात्री दोन-अडीचला उठतात, गेट, कड्या, गोठा बघून येतात, भिंतीला पाठ लावल्याशिवाय झोपत नाहीत. पुण्याला बँकेत गार्डची नोकरी होती ती भांडणात गेली, दुसरीही गेली. कॅन्टीनची बाटली संपली की बाहेरची आणतात. मागच्या महिन्यात शेजारच्या रानात पाचट पेटवलं, तडतड आवाज आला तसे हे बांधाआड पालथे पडले, मलाही खाली ओढलं आणि पाच मिनिटं उठूच देईनात. आणि आता रविवारी आमचा मुलगा, अकरा वर्षांचा आहे, त्यांना उठवायला गेला, नेहमीसारखी अंगावर उडी मारली तर यांनी झोपेतच त्याचा गळा धरला. मी ओरडले तेव्हा सोडला. मग स्वतः बाथरूममध्ये जाऊन रडत बसले. तेव्हापासून मुलगा त्यांच्या खोलीत जात नाही आणि हे आमच्यात जेवायला बसत नाहीत. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवरुष्याकडे नेऊ. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात. एकदा दारूत एवढंच म्हणाले, "त्या दिवशी रोड ओपनिंगला माझी ड्यूटी होती, मी त्याला पाठवलं." पुढे काही नाही. भावकीत कळलं तर वेडा ठरवतील. मी काय करू? नाव छापू नका.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला सगळ्यात आधी तो रविवारचा प्रसंगच बोलायचाय, कारण तुमच्या डोक्यात तोच फिरत असणार आणि त्या पोराच्याही. तुमच्या मिस्टरांनी मुलाचा गळा धरला नाही, त्यांच्या शरीराने धरला, आणि हे मी त्यांची बाजू घ्यायला म्हणत नाहीये. बरीच वर्षं ज्या माणसाच्या झोपेत अंगावर काही येणं म्हणजे फक्त एकच गोष्ट असू शकते असं शरीराला शिकवलं गेलंय त्याचा हात डोळे उघडायच्या आधी चालतो. जाग नंतर येते. तुम्ही ओरडलात, जाग आली, हात सुटला. आणि मग तो माणूस बाथरूममध्ये जाऊन रडला, ताई, ही या सगळ्या पत्रातली मला सगळ्यात आशेची ओळ वाटली. तरीही धोका खरा आहे, म्हणून आजपासून एक नियम करा, त्यांना झोपेतून कुणीही हात लावून उठवायचं नाही. दारात उभं राहायचं, लाईट लावायची, नावाने किंवा तुम्ही जशी हाक मारता तशी हाक मारायची, उठले नाहीत तर पलंगाचा पायाकडचा भाग हलवायचा आणि मागे सरकायचं. मोबाईलचा अलार्म सगळ्यात चांगला. तुम्हाला वेगळ्या अंथरुणावर झोपायचं असेल तर बिनधास्त झोपा, त्यात नातं तुटत नाही, दोघांनाही झोप लागते.

आता आजाराबद्दल. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ पहिली शंका पीटीएसडीची घेईल. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे जिवावरचा प्रसंग होऊन गेला तरी शरीर आणि मन त्या प्रसंगातून बाहेर आलेलंच नसतं. आपल्याला साधी आठवण येते तेव्हा ती जुनी आहे हे आतून माहीत असतं, लग्नातलं भांडण आठवलं तरी आपण आज घरात बसलोय हे कळतं. ही आठवण तशी नसते, तिच्यावर तारीखच नसते. म्हणून पाचट तडतडलं की त्यांना 'तसला आवाज आठवला' असं होत नाही, तिथे त्या क्षणी फायरिंगच चालू असतं. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग आहे आणि 'अरे थांब, हे पाचट आहे' असं सांगणारा दुसरा आहे, या आजारात पहिला लगेच पेटतो आणि दुसऱ्याचा आवाज पोचत नाही. आणि ताई, त्यांनी तुम्हालाही खाली ओढलं ना? त्या पाच मिनिटांत त्यांच्या हिशोबाने ते तुमचा जीव वाचवत होते.

बाकीचं पण याच्याशी जुळवून बघा. रात्रीची गस्त, कड्या तपासणं, भिंतीला पाठ, हे सगळं सतत सावध राहणं झालं. नोकरीवरची भांडणं पण त्यातच येतात, जो माणूस दिवसभर ताणलेला असतो त्याला सुपरवायझरने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तरी पुरतं. जेवायला न बसणं, बोलणं बंद, हे दूर पळणं. आणि 'मी त्याला पाठवलं' हे स्वतःला दोषी धरणं. असं महिन्याहून जास्त टिकलं, रोजचं जगणं अडायला लागलं, तर तो आजार म्हणून बघायचा असतो. तुमच्याकडे दोन वर्षं होत आली.

हे काही आजकालचं फॅड पण नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय मासिकात छापला, तेव्हा समज असा होता की तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदू हलतो. मग लक्षात आलं की ज्यांच्याजवळ गोळा पडलाच नव्हता तेही थरथरतायत. कित्येकांना भित्रे म्हणून हिणवलं गेलं. व्हिएतनामहून परत आलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं धरून ठेवलं तेव्हा कुठे १९८० मध्ये आजाराचं आत्ताचं नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात आलं. तुमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. त्याच गावातून गेलेले आणि जिवंत परत आलेले पण होते, ते रात्री कसे झोपले हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्यांच्या बायकांना विचारायलाही कुणी गेलं नसेल.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की काश्मीर होऊन इतकी वर्षं झाली मग आत्ताच का. हे फार जणांचं होतं. पलटणीत असताना पहाटेची पीटी, रोल कॉल, लंगरचं जेवण, बाजूच्या खाटेवर तसलंच बघितलेला माणूस, या सगळ्याने माणूस बांधलेला राहतो, तिथे रात्री उठून बाहेर चक्कर मारली तर कुणाला वेगळं वाटत नाही. पेन्शन आला की एका दिवसात ते सगळं जातं. पहिलं वर्ष घर, बोअर यात निघून जातं, कामं संपली की रात्री मोठ्या होतात. शिवाय नोकऱ्या दोन्ही गार्डच्या, बहुतेक रात्रपाळी असणार, म्हणजे जे सोडून यायचं होतं तेच परत करायला लावलं.

आणि सर्व्हिसमध्ये असताना का सांगितलं नाही असंही मनात आणू नका. फौजेत मेडिकल कॅटेगरी असते, 'शेप' म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर एस, ते मनाच्या तब्येतीचं. त्या एसमध्ये खाली आला की माणूस लो मेडिकल कॅटेगरी होतो, प्रमोशन अडायची भीती, कोर्सला नाव जायचं नाही, हत्यार हातात देतील की नाही ही शंका, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बराकीतली कुजबूज. पोरं गुडघा दुखतो म्हणून सांगतात, झोप येत नाही हे सांगत नाहीत. मला हे घरातूनच माहितीये. माझे वडील डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटणीबरोबर, म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. घरात त्यांची काळी पत्र्याची ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. ते आयुष्यभर ओट्यावर झोपले, थंडी असो पाऊस असो, तोंड रस्त्याकडे करून, आणि आम्हाला वाटायचं बाबांना मोकळी हवा आवडते. आईने कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, लिहिलंत, तुमच्या घरात तीन वर्षांतच विषय निघाला, आमच्याकडे चाळीस वर्षांत निघाला नाही.

आता ते एक वाक्य. "माझी ड्यूटी होती, मी त्याला पाठवलं." रोड ओपनिंग पार्टी म्हणजे ताफा जायच्या आधी पहाटे रस्त्याच्या कडेकडेने चालत जाऊन सुरुंग, आयईडी म्हणजे जुळवून बनवलेले बॉम्ब, दबा धरून बसलेली माणसं शोधायची, त्या कामात पाऊल कुठे पडेल आणि कुणाचं पडेल हे नशीबच. काय झालं असेल ते तुम्हालाही कळलंय आणि मलाही. त्यांचा बडी असेल, बडी म्हणजे फौजेत ज्याच्याबरोबर जोडी लावून देतात तो, एकाने झोपायचं दुसऱ्याने जागायचं असा माणूस. तो गेला आणि हे राहिले, आणि जिवंत राहणं हाच गुन्हा होऊन बसलाय. अशा वेळी आपण पटकन म्हणतो 'तुमची काय चूक त्यात, देवाच्या मनात होतं', आणि तो माणूस परत गप्प होतो, कारण आपण त्याचं ऐकायच्या आधीच फाईल बंद केलेली असते. परत कधी बोलले तर एवढंच म्हणा, "तो तुमचा फार जवळचा होता ना." आणि थांबा. पुढे बोलले तर ऐका, नाही बोलले तर चहा टाका. खोदून विचारू नका, दारूत असताना तर अजिबात नाही. पूर्ण प्रसंग बाहेर काढायचं काम शिकलेल्या माणसाचं आहे, ते त्याच्या खोलीत, त्याच्या पद्धतीने झालेलं बरं.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना लेक बरा व्हायला पाहिजे आणि त्यांच्याकडे तेवढाच शब्द आहे. कुलदैवताला जायचं असेल तर सगळे मिळून जाऊन या, पण देवरुष्याकडे नको, हे मात्र ठाम सांगा. तिथे अंगाऱ्याच्या पुढे मारहाण, धूर, ओरडणं, रात्रीचं बसवणं असं काही सुरू झालं तर या माणसाच्या बाबतीत ते आगीत तेल होईल, आणि मारहाण करून भूत काढणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यांना सांगा, आई, रणांगणावरून आलेल्या माणसाची झोप उडते, त्याचे डॉक्टर असतात, आपण आधी तिकडे जाऊ.

झोपेच्या गोळ्यांचं आणि दारूचं मात्र मला फार वाटतं. गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण गावात सहसा अल्प्राझोलामसारखी गोळी देतात. ही गोळी आणि दारू एका रात्रीत पोटात गेली तर श्वास मंदावतो, माणूस झोपेत दगावू शकतो, हे अतिशयोक्ती करून घाबरवायला सांगत नाहीये. आणि पीटीएसडीसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असंच आता तज्ज्ञ सांगतात, तात्पुरती गुंगी येते, आजार तिथेच राहतो आणि सवय लागते. दारूचंही तेच, पहिले दोन-तीन तास झोप लागते, उतरायला लागली की दुसऱ्या अर्ध्या रात्रीत झोप फुटते आणि स्वप्नं दुप्पट जोराने येतात. तुमचे मिस्टर दोन-अडीचलाच का उठतात याचं अर्धं उत्तर त्या बाटलीत असेल. पण ऐका, रोज पिणारा माणूस असेल तर बाटली ओतून देऊन एका दिवसात बंद करू नका, अशाने फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं. गोळ्याही रोज घेत असतील तर एकदम बंद करायच्या नाहीत. दोन्ही डॉक्टरच्या सांगण्याने उतरवायचं. तोपर्यंत एकच करा, गोळ्यांची पट्टी तुमच्या ताब्यात ठेवा आणि पिऊन आलेल्या रात्री ती द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण मी विचारते, कारण बँकेत गार्ड म्हणून लागणाऱ्या बऱ्याच माजी सैनिकांकडे स्वतःच्या लायसनची बाराबोर असते. घरात बंदूक आहे का? असेल तर ती सध्या घरात नको. पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या शस्त्र दुकानदाराकडे ती जमा करून ठेवता येते, पावती मिळते, बरं वाटलं की परत आणता येते. हे त्यांच्यापासून लपवून करू नका, पलटणीतल्या एखाद्या मित्राच्या मदतीने त्यांच्याशीच बोलून करा, फौजी माणसाला हत्यार जमा करणं ही गोष्ट समजते, सुट्टीवर जाताना ते तेच करत होते. फवारणीचं औषध, तणनाशक, हेही गोठ्यातल्या उघड्या फळीवर नको, कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. आणि एकदा शांत वेळ बघून सरळ विचारा, "जगणं नको असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं नसतं, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. 'हो' म्हणाले, किंवा निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि शुद्धीत असताना, जाणूनबुजून तुमच्यावर किंवा मुलावर हात उचलायला लागले तर आजार आहे म्हणून सहन करायचं नाही, मुलाला घेऊन बाहेर पडा, ११२ ला फोन करा. आजार समजून घेणं वेगळं आणि मार खाणं वेगळं.

कुठे जायचं? आज रात्रीसुद्धा करता येईल असं म्हणजे १४४१६ ला फोन, ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन, फुकट आहे, २४ तास चालते, मराठीत बोलतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, खास सैन्यदलाच्या लोकांसाठी टेली मानसचा वेगळा कक्ष पण सुरू झालाय. पहिला फोन तुम्हीच करा, तुमच्या स्वतःच्या झोपेसाठी करा, त्यांच्या परवानगीची गरज नाही. मग ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. कार्ड काढलेलं असेलच, जवळच्या पॉलिक्लिनिकला जा, तिथल्या मेडिकल ऑफिसरला सांगून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल घ्या, तो मिलिटरी हॉस्पिटलचा असेल किंवा योजनेच्या यादीतल्या (एम्पॅनल्ड) खाजगी हॉस्पिटलचा. तिथे गेल्यावर 'झोप येत नाही, चिडचिड होते' एवढंच सांगितलं तर परत गोळ्या हातात देऊन पाठवतील अशी भीती आहे, म्हणून एका कागदावर लिहून न्या, आत्ता मला लिहिलंय तसंच. पाचटाचा प्रसंग, रविवारचा प्रसंग, रात्री किती वाजता उठतात, दारू किती आणि किती वर्षं, राष्ट्रीय रायफल्समध्ये कधीपासून कधीपर्यंत, कधी जवळपास स्फोट होऊन डोक्याला मार लागला होता का. हे शेवटचं विसरू नका, स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला इजा झाली असेल तर तीही अशीच चिडचिड आणि विसराळूपणा आणते, तिची तपासणी वेगळी.

भावकीचं म्हणाल तर डॉक्टरांनी ही माहिती गुप्त ठेवायची असते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो पेशंटचा हक्क आहे. आणि आता पेन्शन आलेत, कॅटेगरी डाउन व्हायची भीती संपली, हे त्यांना मुद्दाम सांगा, इतक्या वर्षांच्या सवयीने ती भीती अजून तशीच बसलेली असते.

उपचार म्हणजे काय हेही त्यांना आधी माहीत असावं, फौजी माणसाला प्लॅन सांगितलेला आवडतो. औषधात सर्ट्रालीनसारखी गोळी असते, ही झोपेची नाही, तिचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नसते. दुसरं म्हणजे थेरपी, साधारण आठ ते पंधरा बैठका, आठवड्याला एक. नुसत्या गप्पा किंवा 'पॉझिटिव्ह विचार करा' छापाचं समुपदेशन इथे पुरत नाही. ट्रॉमावर काम करणारी थेरपी मागून घ्या, त्यात तो प्रसंग सुरक्षित खोलीत, हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगितला जातो, इतका की शेवटी तो झालेला प्रसंग म्हणून मागे बसतो. ईएमडीआर म्हणून एक प्रकार आहे, त्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायला लावतात, ऐकायला विचित्र वाटतं पण चांगला उपयोग होतो. सुरुवातीच्या दोन-तीन बैठकांनंतर स्वप्नं वाढल्यासारखी वाटतील, तिथेच बरेच जण सोडून देतात, तेव्हा तुम्ही धरून ठेवा. जिल्ह्यात असा थेरपिस्ट मिळाला नाही तर पुण्यात मिळेल, व्हिडिओ कॉलवरही होतं.

पण ते येणार का, हा खरा प्रश्न. 'तुम्हाला मानसिक आहे' असं म्हणालात तर उठून जातील. झोपेपासून सुरू करा, "तुमची झोप होत नाही, त्याचा इलाज करू." झोपेचा इलाज करून घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. आणि तुमच्यापेक्षा, माझ्यापेक्षा, एका माणसाचा शब्द जास्त चालेल, त्यांच्याबरोबर तिथे असलेल्या एखाद्या पलटणवाल्याचा. त्यांच्या फोनमध्ये पलटणीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच, त्यातला ज्याच्याशी ते अजूनही नीट बोलतात तो तुम्हाला माहीत असतो. त्याच्या घरी फोन करा, त्याच्या बायकोशी बोला आधी, काय सांगावं, तिच्याकडेही तेच चालू असेल. तो घरी आला, दोघं रानात बसले, आणि तो म्हणाला "मी पण जातोय रे डॉक्टरकडे", तर काम झालं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या, तिथे अशी माणसं भेटतात. आजार सर्व्हिसमुळे झाला असं कागदावर येऊ शकलं तर डिसॅबिलिटी पेन्शनचा विषय पण तिथे विचारा, मग बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमुळेच झाला असं जवानाच्या बाजूने धरून चालायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये म्हटलंय, पण पेन्शन आल्यावर मागायचं तर वाट लांब आहे, त्यासाठी उपचार थांबवू नका. पहिल्या दिवसापासूनची केसपेपर्सची फाईल मात्र जपून ठेवा.

तोपर्यंत रानात, घरात परत तसं झालं तर? मागून धरायचं नाही, हलवायचं नाही. समोरून, थोडं लांबून, हळू आवाजात पण स्पष्ट बोला. "मी आहे. आपण आपल्या रानात आहोत. शेजारच्यांनी पाचट पेटवलंय. आज बुधवार आहे." असं साधं, परत परत. शुद्धीवर येताना हातावर गार पाणी घ्यायला लावा, मूठभर माती हातात द्या, श्वास सोडताना लांब सोडायला सांगा. नंतर 'काय झालं होतं तुम्हाला' असं विचारत बसू नका, लाज वाटत असते. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की पाचट पेटवायच्या आधी एक फोन करा, कारण सांगायची गरज नाही. गणपती, दिवाळी, लग्नाच्या वराती, हे तर ठरलेले दिवस, त्या रात्री फटाक्यांपासून लांब एखाद्या पाहुण्याकडे जायचं आधीच ठरवून ठेवता येतं. रात्रीची थ्री फेज असली की पाणी द्यायला त्यांना एकट्याला उसात पाठवू नका. डोक्याएवढा ऊस, अंधार, चारी बाजूला सळसळ, ज्याने तसल्याच अंधारात रात्रीचं अ‍ॅम्बुश लावलंय, म्हणजे शत्रूसाठी दबा धरलाय, त्याला ते काय वाटत असेल याचा विचार करा. बरोबर कुणीतरी द्या, मोठी बॅटरी द्या. आणि घराभोवतीची ती रात्रीची चक्कर बंद करायच्या मागे आत्ता लागू नका, उपचार लागू पडले की ती आपोआप कमी होत जाते. आजच्या आज बंद करायला लावलीत तर ते अंथरुणात जागे राहतील एवढंच.

तुमचं स्वतःचं, ताई. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही पण रात्री दोनला जाग्या होता, कडी वाजली की तुमच्याही छातीत धडधडतं, घरात भांडं पडू नये म्हणून तुम्ही हळू चालता, हे मला न सांगता कळतंय. बहिणीला, आईला, कुणातरी एकाला हे सगळं खरं सांगा. तुम्ही त्यांची बायको आहात, डॉक्टर आणि पहारेकरी दोन्ही व्हायची जबाबदारी तुमची नाही.

आणि मुलगा. अकरा वर्षांच्या पोराला वाटतंय की मी उडी मारली म्हणून पप्पा असे झाले, किंवा पप्पांना मी नकोसा आहे. त्याला आज झोपायच्या आधी सांगा, अगदी साध्या शब्दात: पप्पा काश्मीरला होते तेव्हा रात्री झोपेतही सावध राहायला लागायचं, ते सावध राहणं त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही, तू काही चुकीचं केलेलं नाहीस, आपण त्यांना डॉक्टरकडे नेतोय. मग त्याला एक काम द्या, सकाळी पप्पांना उठवायचं ते दारातूनच, लाईट लावून, हाक मारून. हे त्यांच्यासमोरच ठरवा, तिघांनी मिळून. बापाला पण कळायला पाहिजे की पोरगा अजून उठवायला येणार आहे.